सुट्टी दिली, मजुरी राहिली : किलोवर काम करणाऱ्या काजू कामगार महिला आणि मतदानाचा दिवस

लोकसभेच्या २०२४ च्या निवडणुकीत रत्नागिरी-सिंधुदुर्ग मतदारसंघाचे मतदान तिसऱ्या टप्प्यात, मंगळवार, ७ मे रोजी झाले. मे महिन्याचा पहिला पंधरवडा हा कोकणात आंबा आणि काजू या दोन्ही धंद्यांच्या धावपळीचा काळ असतो. पावसापूर्वी माल निघाला पाहिजे या घाईत मालक असतो आणि पावसाळ्याच्या बेगमीसाठी चार पैसे गाठीला बांधावेत या विचारात कामगार असतो. अशा दिवसांत येणारी मतदानाची सुट्टी दोघांनाही जाणवते. त्या दिवसाबद्दल मालक कामगाराला नेमके काय देणे लागतो, हा प्रश्न येथे एका काजू प्रक्रिया कारखान्याच्या उदाहरणावरून तपासला आहे. कारखाना, मालक आणि कामगार अभ्यासासाठी कल्पिलेले आहेत. कायद्याची कलमे आणि निवडणुकीच्या तारखा मात्र खऱ्या आहेत.

कारखाना आणि तेथील माणसे

वेंगुर्ले तालुक्यातील हा कारखाना मध्यम आकाराचा आहे. काजू बी बॉयलरच्या वाफेवर शिजवली जाते, रात्रभर निवू दिली जाते आणि दुसऱ्या दिवशी कटिंगच्या टेबलावर फोडली जाते. त्यानंतर गर बोरम्यात, म्हणजे सुकवण्याच्या भट्टीत, सुकवतात, त्यावरचा पापुद्रा काढतात आणि आकार व रंग पाहून प्रतवारी लावतात. कटिंग आणि सोलणी या दोन कामांवर मिळून ३४ महिला आहेत. टरफलातील तेलाने कातडी भाजू नये म्हणून हाताला तेल किंवा राख लावून त्या दिवसभर बसतात आणि त्यांना किलोप्रमाणे मजुरी मिळते. महिन्याचा पगार नाही, रविवारचे पैसे नाहीत. प्रतवारी व पॅकिंगकडे सहा महिला मासिक पगारावर आहेत. बॉयलर सांभाळणारा एक कामगार आणि रात्रपाळीचा एक रखवालदार आहे. गोणी उतरवण्या-चढवण्यासाठी कंत्राटदाराने आणलेले पाच हमाल आहेत. त्यांपैकी तिघे झारखंडचे आणि दोघे कुडाळ तालुक्यातले.

एक तपशील पुढे महत्त्वाचा ठरतो. कटिंगवरच्या काही महिलांची नावे लग्नाला अनेक वर्षे होऊनही माहेरच्या गावच्या मतदार यादीत आहेत. कोणाचे माहेर मालवण तालुक्यात, कोणाचे कणकवलीच्या घाटाकडच्या गावात. मतदार यादीत ज्या ठिकाणी नाव आहे तेथेच मत देता येते, त्यामुळे या महिलांच्या बाबतीत मतदानाला जाणे म्हणजे वाडीवरून शाळेपर्यंत जाऊन येणे नव्हे; एसटीच्या दोन गाड्या बदलून जाणे आणि संध्याकाळपर्यंत परतणे असे त्याचे स्वरूप असते. 'दोन तास सोडतो, मत देऊन या' ही अनेक ठिकाणी दिली जाणारी सवलत त्यांच्या उपयोगाची नसते, आणि कायद्याने तासांची नव्हे तर पूर्ण दिवसाची सुट्टी का सांगितली आहे ते त्यांच्याकडे पाहिले की समजते.

मालकाने काय केले

मालक कायदा धाब्यावर बसवणारा माणूस नाही, हे आधी सांगितले पाहिजे. एप्रिलच्या अखेरीस त्याने कारखान्याच्या कागदपत्रांचे काम पाहणाऱ्या सल्लागाराला विचारले आणि त्यानुसार सूचना फलकावर नोटीस लावली. नोटिशीत म्हटले होते की रविवार, ५ मे रोजी कारखाना चालू राहील आणि त्या आठवड्याची साप्ताहिक सुट्टी मंगळवार, ७ मे रोजी मतदानानिमित्त देण्यात येईल. नोटिशीची प्रत कारखाना निरीक्षकाकडेही पाठवली. कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम ५२ नुसार साप्ताहिक सुट्टी तीन दिवस आधी किंवा तीन दिवस नंतर अशी हलवता येत होती. तेवढ्यापुरते पाहिले तर नोटीस नियमाला धरून होती.

रविवारी काम झाले. मंगळवारी कारखाना बंद राहिला आणि बहुतेक सर्वांनी मतदान केले. जूनच्या सुरुवातीला मे महिन्याचा हिशेब झाला तेव्हा मासिक पगाराच्या महिलांचा पगार पूर्ण होता, पण कटिंग-सोलणीच्या ३४ जणींच्या हिशेबात ७ मे या तारखेसमोर काहीच नव्हते. त्यांच्यापैकी एकीने विचारले तेव्हा मालकाचे उत्तर सरळ होते : "बाय, काम नाय तर पैसे खंयसून देवचे?" (काम नाही तर पैसे कुठून द्यायचे?) किलोवरच्या कामात जेवढा माल तेवढी मजुरी, हा दोघांनाही पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक असलेला हिशेब आहे, त्यामुळे ते उत्तर ऐकणाऱ्या महिलांनाही पहिल्या दिवशी चुकीचे वाटले नाही. मला या प्रकरणातली सर्वांत गंभीर गोष्ट हीच वाटते. जो हक्क मागायचा तो आपला आहे हेच ज्याला ठाऊक नाही, त्याच्यापर्यंत कायदा पोहोचलेलाच नसतो.

कलम १३५ब काय सांगते

लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ मध्ये कलम १३५ब हे १९९६ च्या दुरुस्तीने आले. व्यापार, धंदा, औद्योगिक उपक्रम किंवा इतर कोणतीही आस्थापना असो, तेथे काम करणाऱ्या आणि लोकसभा किंवा विधानसभेच्या निवडणुकीत मत देण्याचा हक्क असलेल्या प्रत्येक व्यक्तीला मतदानाच्या दिवशी सुट्टी द्यावी, असे पहिले पोटकलम सांगते. येथे कामगारांच्या संख्येची अट नाही. दुकाने व आस्थापनांचा राज्याचा २०१७ चा कायदा त्या वेळी दहा किंवा अधिक कामगार असलेल्या ठिकाणी लागू होता; त्यावरून 'आमच्याकडे चारच माणसे, आम्हाला काही लागू नाही' असा समज अनेक दुकानदारांनी करून घेतलेला दिसतो, पण मतदानाच्या सुट्टीला तो हिशेब नाही.

दुसरे पोटकलम दोन भागांचे आहे. पहिल्या भागाप्रमाणे या सुट्टीपोटी कोणाच्याही मजुरीत कपात करता येत नाही. दुसरा भाग असा की, ज्या व्यक्तीला कामाच्या अटींप्रमाणे अशा दिवसाची मजुरी एरवी मिळाली नसती, तिलाही सुट्टी दिली नसती तर त्या दिवशी जी मजुरी मिळाली असती ती द्यावी लागते. मासिक पगारदाराचे संरक्षण पहिल्या भागातच होऊन जाते. दुसरा भाग लिहिण्याची गरज पडली ती रोजंदारीवर, नगावर, किलोवर काम करणाऱ्यांसाठी, म्हणजे कटिंगच्या टेबलावर बसणाऱ्या या ३४ महिलांसारख्यांसाठी. रोजंदारीच्या आणि हंगामी कामगारांनाही ही भरपगारी सुट्टी लागू आहे, असे निवडणूक आयोग निवडणुकांच्या वेळी काढलेल्या सूचनांत स्पष्ट करत आला आहे. 'काम नाही तर पैसे नाहीत' हा नियम वर्षाच्या इतर दिवशी कितीही खरा असला, तरी मतदानाच्या दिवसापुरता तो संसदेने बाजूला ठेवला आहे.

मतदानाच्या दिवशी सरकार जी सार्वजनिक सुट्टी जाहीर करते तिचा येथे उल्लेख करायला हवा, कारण गोंधळ तेथूनही सुरू होतो. ती सुट्टी पराक्राम्य संलेख अधिनियमाखाली, म्हणजे चेक-हुंड्यांच्या व्यवहाराच्या कायद्याखाली, जाहीर होते आणि ती प्रामुख्याने बँका व सरकारी कार्यालयांसाठी असते. 'ती सरकारी सुट्टी, आमचा खाजगी कारखाना' हे म्हणणे त्या अधिसूचनेपुरते बरोबरही असेल. कलम १३५ब मात्र खाजगी मालकाला स्वतंत्रपणे बांधते.

साप्ताहिक सुट्टी हलवण्याचा मुद्दा

मालकाच्या बाजूने सर्वांत मजबूत युक्तिवाद सल्लागाराने मांडला. ७ मे हा नोटिशीप्रमाणे साप्ताहिक सुट्टीचा दिवस होता. साप्ताहिक सुट्टीचे पैसे या महिलांना कधीच मिळत नाहीत. 'सुट्टी दिली नसती तर मिळाली असती ती मजुरी' असे कायदा म्हणतो, पण मतदानाची सुट्टी नसती तरी त्या दिवशी साप्ताहिक सुट्टी होतीच, म्हणजे मिळाली असती ती मजुरी शून्य. हा युक्तिवाद वरवर बिनतोड वाटतो आणि तो हातावेगळा करण्याआधी नीट समजून घेतला पाहिजे.

त्याला पहिले उत्तर घटनाक्रमातच आहे. मंगळवार हा या कारखान्यात साप्ताहिक सुट्टीचा दिवस कधीच नव्हता. तो मतदानामुळेच तसा झाला, आणि नोटिशीत 'मतदानानिमित्त' हा शब्द मालकाने स्वतः लिहिला. मतदान नसते तर त्या मंगळवारी टेबले भरलेली असती आणि महिलांनी नेहमीइतका माल फोडला असता. 'सुट्टी दिली नसती तर' याचा अर्थ लावताना ही वस्तुस्थिती बाजूला सारता येत नाही. दुसरे उत्तर कलमाच्या रचनेत आहे. ज्या दिवसाची मजुरी एरवी मिळत नाही अशा दिवसासाठीच पोटकलमाचा दुसरा भाग लिहिलेला आहे; त्या दिवसाची मजुरी एरवी मिळत नाही म्हणून ती देणार नाही, असे म्हणणे म्हणजे तो भागच पुसून टाकणे होय. तिसरी गोष्ट साध्या हिशेबाची आहे. साप्ताहिक विश्रांती आणि मतदानाची सुट्टी ही दोन वेगवेगळ्या कायद्यांनी दिलेली वेगवेगळी देणी आहेत. रविवारी राबवून घेऊन मंगळवार दिला, तर त्या आठवड्यात कामगाराला मिळाली ती फक्त विश्रांती. मतदानाची सुट्टी मिळालीच नाही. एका नाण्याने दोन देणी फेडता येत नाहीत.

माझ्या मते येथे मालकाची बाजू टिकत नाही. साप्ताहिक सुट्टी हलवणे बेकायदा नव्हते, पण त्यामुळे मजुरीचे देणे संपत नव्हते.

मजुरी किती

मजुरी द्यायची हे ठरले तरी किलोवरच्या कामात एका दिवसाची मजुरी म्हणजे किती, याचे सूत्र कलम १३५ब देत नाही. त्यातल्या त्यात जवळचा आधार त्या वेळी लागू असलेल्या कारखाने अधिनियमाच्या कलम ८० मध्ये सापडत होता. पगारी रजेच्या मजुरीसाठी तेथे रीत सांगितली होती : आधीच्या महिन्यात कामगाराने प्रत्यक्ष जितके दिवस काम केले, त्या दिवसांच्या पूर्णवेळ कमाईची दररोजची सरासरी, ओव्हरटाइम आणि बोनस वगळून. ती रीत मतदानाच्या सुट्टीला थेट बंधनकारक नाही, पण 'मिळाली असती ती मजुरी' याच्या सर्वांत जवळ तीच जाते.

महिलांनी दुसऱ्यांदा विचारल्यावर मालक थोडा नमला, पण त्याने हिशेब वेगळा मांडला : महिन्याची कमाई भागिले तीस. दोन्हींमधला फरक उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा एका महिलेने एप्रिलमध्ये २४ दिवस काम करून ७,२०० रुपये मिळवले. प्रत्यक्ष कामाच्या दिवसांनी भागले तर दिवसाला ३०० रुपये येतात, तिसाने भागले तर २४०. दुसरी महिला घरच्या आंब्याच्या कामामुळे १५ दिवसच आली आणि तिने ४,९५० रुपये मिळवले. तिची खरी सरासरी ३३० रुपये, म्हणजे पहिलीपेक्षाही हात चलाख. तिसाने भागल्यावर मात्र तिच्या वाट्याला १६५ रुपये येतात, बरोबर निम्मे. ७ मे रोजी ती कामावर असती तर तिने १६५ रुपयांचे काम केले असते असे कोणीही म्हणणार नाही. म्हणून भागाकार प्रत्यक्ष कामाच्या दिवसांनीच व्हायला हवा. सरासरी त्या कामासाठी ठरलेल्या किमान वेतनाखाली जात असेल तर किमान वेतन द्यावे लागेल, हेही लक्षात ठेवले पाहिजे, कारण शिकाऊ महिलांच्या बाबतीत तसे होऊ शकते.

बोटावरची शाई

हिशेब सुरू असताना मालकाने आणखी एक अट घातली : ज्यांच्या बोटाला शाई लागली होती त्यांनाच पैसे. हेतू वाईट नव्हता. सुट्टी मतदानासाठी आहे तर मतदान केलेच पाहिजे, असे त्याला मनापासून वाटत होते. पण कायद्याने सुट्टी मत देण्याचा हक्क असलेल्या व्यक्तीला दिली आहे, मत दिलेल्या व्यक्तीला नव्हे. आजारी पडलेली, एसटी न मिळालेली किंवा स्वतःच्या विचाराने मतदानाला न गेलेली महिला या सगळ्यांना ती सारखीच लागू आहे. 'नोटा'चा पर्याय देणाऱ्या २०१३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने मत न देण्याच्या निर्णयालाही संरक्षण मानले आहे. कामगाराने मतदान केले की नाही याची नोंद मालकाच्या वहीत असूच नये, असे मी म्हणेन. आज बोट पाहणारा उद्या कोणाला मत दिले हे विचारू शकतो, आणि लहान गावात त्या प्रश्नाला नाही म्हणणे मजुरीवर जगणाऱ्या बाईला सोपे नसते.

मतदार यादीत नाव असल्याची खात्री करणे मात्र गैर नाही, कारण हक्काची अट तीच आहे. ३४ पैकी दोघींची नावे कोणत्याच यादीत सापडली नाहीत. शब्दशः पाहिले तर मालक त्यांना मजुरी देणे लागत नव्हता. त्याने ती दिली. कारखाना त्यानेच बंद ठेवला होता, त्या स्वतः गैरहजर नव्हत्या.

बॉयलर, रखवालदार आणि अपवाद

चौथे पोटकलम अपवाद सांगते : ज्या मतदाराच्या गैरहजेरीमुळे त्याच्या कामाच्या ठिकाणी धोका किंवा मोठे नुकसान होण्याचा संभव आहे, त्याला हे कलम लागू नाही. मालकाने सुरुवातीला वाफवलेली बी पडून राहील म्हणून बॉयलरवाल्याला आणि निम्म्या कटिंगला बोलावण्याचा विचार केला होता. तो सोडला हे चांगले झाले. निवडणुकीचा कार्यक्रम आयोगाने १६ मार्च २०२४ रोजी जाहीर केला; ७ मे ही तारीख सात आठवडे आधी माहीत होती. सोमवारी बी वाफवली नाही की मंगळवारी नुकसान होण्याचा प्रश्नच उरत नाही, आणि नियोजनाने टळणारे नुकसान अपवादात बसते असे मानता येणार नाही. लोटे-परशुरामसारख्या रासायनिक कारखान्यांच्या वसाहतीत अखंड चालणारी प्रक्रिया सांभाळणाऱ्या कामगाराची गोष्ट वेगळी आहे. तेथे 'धोका' हा शब्द खरोखर लागू पडतो. काजूच्या कारखान्यात तो रखवालदारापुरता फार तर ताणता येईल, आणि रखवालदार रात्रपाळीचा असल्याने सकाळी सात ते संध्याकाळी सहा या मतदानाच्या वेळेत त्याला अडचण नव्हती. पूर्ण दिवस देणे खरोखरच शक्य नसेल तेथे राज्य सरकारची परिपत्रके काही तासांची सवलत मान्य करतात, पण त्यासाठी आधी परवानगी घ्यावी लागते; मालकाने स्वतःच्या मनाने ती सवलत ठरवायची नसते.

तक्रार कोठे गेली आणि काय निघाले

महिलांपैकी चौघी जूनच्या तिसऱ्या आठवड्यात सरकारी कामगार अधिकाऱ्याच्या कार्यालयात गेल्या. अधिकाऱ्याने मालकाला बोलावले आणि कलम समोर ठेवले. कलम १३५बचा भंग करणाऱ्या मालकाला पाचशे रुपयांपर्यंत दंड आहे. १९९६ पासून ही रक्कम बदललेली नाही, आणि ३४ महिलांची एका दिवसाची मजुरी सरासरी ३०० रुपये धरली तर १०,२०० रुपये होते, म्हणजे दंड भरणे मजुरी देण्यापेक्षा स्वस्त पडते. हे मला अतिशय खटकते आणि संसदेने ते बदलले पाहिजे. पण दंड भरल्याने मजुरीचे देणे फिटत नाही, ही बाब अधिकाऱ्याने मालकाला समजावून सांगितली. तेव्हा लागू असलेल्या वेतन प्रदान अधिनियम, १९३६ मध्ये वेतनाच्या व्याख्येत सुट्टीच्या दिवसाच्या देय रकमेचाही समावेश होता, त्यामुळे न मिळालेली मजुरी त्या कायद्याखालील प्राधिकाऱ्यासमोर दावा करून मागता येत होती. त्या कायद्याप्रमाणे दावा रक्कम देय झाल्यापासून बारा महिन्यांच्या आत करायचा होता. दंडाच्या फिर्यादीची मुदत त्याहून कमी आहे : केवळ दंडाची शिक्षा असलेल्या गुन्ह्याची दखल न्यायालयाला सहा महिन्यांनंतर घेता येत नाही.

मालकाने जुलैच्या हिशेबात सर्व ३४ जणींना प्रत्यक्ष कामाच्या दिवसांच्या सरासरीने मजुरी दिली. २० नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभा मतदानासाठी लावलेल्या नोटिशीत त्याने साप्ताहिक सुट्टीला हात लावला नाही आणि 'किलोवरील कामगारांना ऑक्टोबरच्या सरासरीने मजुरी मिळेल' अशी ओळ घातली. त्या वेळी नवा प्रश्न कारखान्याबाहेर उभा राहिला. यांपैकी काही महिलांचे पती गोव्यात कामाला जातात. ७ मे रोजी गोव्यातही मतदान असल्याने अडचण आली नव्हती, २० नोव्हेंबरला मात्र तेथे कामाचा दिवस होता. मतदारसंघाबाहेर काम करणाऱ्या मतदारालाही भरपगारी सुट्टीचा हक्क आहे, हे आयोगाने स्पष्ट केलेले आहे, आणि कर्नाटक विधानसभेच्या १० मे २०२३ च्या मतदानासाठी गोवा सरकारने तशी सुट्टी जाहीरही केली होती. म्हणून त्या पुरुषांनी आपल्या मतदार ओळखपत्राची प्रत जोडून मालकाकडे आधीच लेखी अर्ज द्यावा, असा सल्ला त्यांना देण्यात आला.

हमालांचे प्रकरण तेवढे सरळ सुटले नाही. झारखंडच्या तिघांचा हक्क त्यांच्या मतदारसंघातील मतदानाच्या दिवशीचा. झारखंडमधील टप्पे १३ मेपासून १ जूनपर्यंत होते, आणि कायदा सुट्टी देतो ती एका दिवसाची, जाण्या-येण्याच्या दिवसांची नाही. ते गेले नाहीत. ७ मे रोजी त्यांचे काम बंद राहिले त्याची मजुरी या कलमाखाली मागता येत नव्हती. कुडाळच्या दोघांना मात्र ती मिळायलाच हवी होती. कंत्राटदाराने कारखान्याकडे बोट दाखवले आणि कारखान्याने कंत्राटदाराकडे. मजुरी ज्याच्याकडून मिळते तो कंत्राटदार या दोघांचा मालक ठरतो, असे अधिकाऱ्याचे म्हणणे पडले. मे महिन्याची मजुरी ७ जून २०२४ पर्यंत देय होती, त्यामुळे दाव्यासाठी त्यांना ७ जून २०२५ पर्यंत वेळ होता. त्यांनी नोव्हेंबरच्या मतदानानंतर अर्ज दाखल केला आणि त्यात ७ मेच्या जोडीला २० नोव्हेंबरची मजुरीही मागितली, कारण दुसऱ्यांदाही कंत्राटदाराने ती दिली नव्हती.